मदरबोर्ड बदलल्यावर रेड अ‍ॅरेतला डेटा सुखरूप कसा काढायचा

मदरबोर्ड जळाला, नवा बसवला, मशीन चालू केलं आणि चार डिस्क जोडून एक मोठी डिस्क म्हणून वापरलेला रेड अ‍ॅरे कुठेच दिसत नाही. इथे माणूस घाबरतो, आणि घाबरून पुढच्या अर्ध्या तासात जे करतो त्यानेच डेटा जातो. जळालेल्या बोर्डाने काहीच नेलेलं नसतं. कोणती डिस्क कितव्या जागेची, डेटाचा एकेक तुकडा केवढा, पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला लागणारा हिशेब) कुठून कुठे फिरते, ही सगळी माहिती प्रत्येक डिस्कवरच लिहिलेली असते. तिला सुपरब्लॉक म्हणतात. तो शाबूत असेल तर अ‍ॅरे कुठल्याही बोर्डावर उभा राहतो.

म्हणून नियम एकच: डेटाची प्रत दुसरीकडे पोहोचेपर्यंत या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. खालचा सगळा क्रम या नियमासाठी आहे.

उदाहरणाला लिनक्सवरचा सॉफ्टवेअर रेड घेतला आहे. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५, वापरायला १२ टीबी. फोटो स्टुडिओ, छोटी प्रेस, घरचा सर्व्हर अशा ठिकाणी हीच रचना जास्त दिसते. बोर्डाच्या बायोसमधला रेड किंवा वेगळं रेड कार्ड असेल तर सहावा टप्पा आधी वाचा. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

## १. मशीन बंद असतानाची तयारी

जुन्या कॅबिनेटमधून डिस्क काढण्याआधी फोटो काढा. कोणती डिस्क कोणत्या पोर्टला होती ते दिसलं पाहिजे. मग प्रत्येक डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर वहीत लिहा आणि डिस्कवर पट्टी चिकटवून १, २, ३, ४ आकडे घाला. सॉफ्टवेअर रेडला पोर्टचा क्रम लागत नाही, सुपरब्लॉकमध्ये डिस्कची जागा नोंदलेली असते. पण सुपरब्लॉकच गेला तर हा कागद तुम्हाला वाचवेल. चार डिस्क एकमेकींशेजारी लावण्याचे २४ क्रम होतात, आणि तेव्हा त्यातला बरोबर कोणता हे डिस्क स्वतःहून सांगणार नाहीत.

जवळ ठेवायच्या गोष्टी:

- डेटा मावेल एवढी रिकामी जागा. १२ टीबीपैकी ७ टीबी भरलेलं असेल तर किमान ८ टीबीची वेगळी डिस्क.
- एमडीएडीएम (लिनक्सवरचा सॉफ्टवेअर रेड सांभाळणारी कमांड) आधीपासून असलेला लाइव्ह लिनक्सचा पेन ड्राइव्ह. सिस्टमरेस्क्यू यासाठी सोयीचा आहे.
- नव्या साटा डेटा केबल. जुन्यांवर वेळ घालवू नका.
- यूपीएस.
- डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासफ्रेज. विंडोजच्या बिटलॉकरसाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, कारण बोर्डासोबत टीपीएम, म्हणजे कुलपाची किल्ली सांभाळणारी चिपही बदलते आणि कुलूप आपोआप उघडत नाही.

रिकामी डिस्क अजून आणलेली नसेल तर इथेच थांबा. दोन दिवस बंद पडलेला अ‍ॅरे बिघडत नाही. जागेअभावी “आधी सुरू तर करून बघू” म्हणत पुढे गेलेले लोकच जास्त अडकतात.

## २. वीज आणि केबल

या टप्प्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि डिस्क कायमची जाते ती इथेच.

बोर्डासोबत एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलला असेल आणि तो मॉड्युलर असेल, म्हणजे त्याच्या केबल सुट्या निघत असतील, तर जुन्या एसएमपीएसची एकही केबल नव्याला लावू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र काही प्रमाण नाही. एका कंपनीच्या दोन मॉडेलांतही तारांची जागा वेगळी असू शकते. प्लग नीट बसतो, ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट जातात आणि एका केबलवर लावलेल्या सगळ्या डिस्कचे सर्किट बोर्ड एकदम जळतात. रेड ५ एक डिस्क गेलेली सहन करतो, चार नाही.

याच टप्प्यातली दुसरी अडचण त्यामानाने साधी आहे. बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हच्या खोक्यातून काढलेल्या काही डिस्क नव्या एसएमपीएसवर फिरतच नाहीत. पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की या डिस्क त्याला “बंद राहा” असा आदेश समजतात. डिस्क मेलेली नसते. त्या पिनवर कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीचा) बारीक तुकडा लावा किंवा ३.३ व्होल्टची तार नसलेली केबल वापरा.

तपासणी: आधी एखादी जुनी, गेली तरी चालेल अशी डिस्क त्याच पॉवर केबलवर लावून मशीन चालवा. ती नीट दिसली तरच अ‍ॅरेच्या डिस्क लावायच्या.

## ३. अ‍ॅरेच्या डिस्क न लावता नवं मशीन तपासा

नव्या बोर्डासोबत बहुधा नवी रॅमही येते. रॅममध्ये दोष असेल तर डिस्कवरून बरोबर वाचलेला डेटा चुकीचा होऊन कॉपीत उतरतो, आणि रीबिल्ड (एका डिस्कवर डेटा नव्याने भरणं) चालू असेल तर तोच चुकीचा डेटा पॅरिटीत जाऊन बसतो. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एक जरी चूक निघाली तरी रॅम बदला. रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग या कामापुरती बंद ठेवा.

मग बायोस उघडा. साटा मोड काय आहे ते बघा. सॉफ्टवेअर रेडसाठी एएचसीआय. बायोसमधला रेड वापरत असाल तर रेड मोड. नव्या बोर्डावर, किंवा सेल काढून रीसेट केलेल्या जुन्या बोर्डावर, हा मोड मूळ स्थितीला गेलेला असतो. “अ‍ॅरे उडाला” म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारींचं मूळ या एका ओळीत असतं.

बोर्डाचं माहितीपत्रक काढून एम.२ स्लॉटचं पानही वाचा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. चारपैकी तीनच डिस्क दिसल्या तर चौथीला मेलेली ठरवण्याआधी तिचा पोर्ट बदला.

इशारा: जुन्या डिस्कवरची विंडोज किंवा लिनक्स सुरू होऊ देऊ नका. बूट क्रमात पेन ड्राइव्ह पहिला ठेवा. विंडोज सुरू झालीच आणि “डिस्क इनिशियलाइज करा” किंवा “फॉरमॅट करा” असं विचारू लागली तर रद्द करा आणि मशीन बंद करा.

## ४. डिस्क लावा आणि फक्त बघा

मशीन बंद करून, वायर काढून चारही डिस्क लावा. पेन ड्राइव्हवरून बूट करा. ‘एलएसबीएलके’ या कमांडने नाव, आकार, मॉडेल आणि सिरियल नंबरची यादी काढा आणि वहीतल्या नंबरांशी ताडून बघा. कालची एसडीए आज एसडीसी असू शकते. ही नावं बोर्ड आणि पोर्टप्रमाणे बदलतात. इथून पुढे डिस्क ओळखायची ती सिरियल नंबरानेच.

आता प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, ‘स्मार्टसीटीएल’ने वाचा. चार ओळी महत्त्वाच्या आहेत. ५ क्रमांकाची ओळ बदललेले सेक्टर सांगते. १९७ आणि १९८ वाचता न येणारे सेक्टर दाखवतात. इथे शून्याहून मोठा आकडा असेल तर ती डिस्क आजारी आहे. १९९ म्हणजे केबलवरच्या चुका. हा आकडा कमी होत नसतो, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा तुमच्यासमोर वाढतो आहे का ते बघा. वाढत असेल तर केबल बदला.

आजारी डिस्क सापडली तर पुढे तिच्यावरच काम करू नका. ‘डीडीरेस्क्यू’ने तिची पूर्ण प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढा, मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नका, आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून प्रत अ‍ॅरेत वापरा. मॅप फाइल असेल तर वीज गेल्यावर काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. निरोगी ४ टीबी डिस्कला सात-आठ तास लागतात, आजारी डिस्कला कितीही.

एक तपासणी फारशी कोणी करत नाही. काही जुन्या बोर्डांना बायोसची प्रत डिस्कच्या शेवटी लपवून ठेवायची सवय होती. त्यासाठी ते डिस्कचा शेवटचा सुमारे १ एमबी भाग झाकून टाकत, आणि डिस्क तेवढी लहान दिसू लागे. ‘एचडीपार्म’ला मोठ्या एनचा पर्याय दिला की दिसणारे आणि खरे सेक्टर शेजारी शेजारी दिसतात. दोन आकडे वेगळे आले तर सुपरब्लॉक न सापडण्याचं कारण मिळालं. सुपरब्लॉक डिस्कच्या शेवटी असलेल्या अ‍ॅरेंना, म्हणजे ०.९० आणि १.० आवृत्ती आणि बायोसमधला इंटेल रेड, यांना याचा फटका बसतो.

## ५. सुपरब्लॉक वाचा

आता ‘एमडीएडीएम’ला ‘एक्झामिन’ हा पर्याय द्या. ही कमांड फक्त वाचते. प्रत्येक डिस्कसाठी चालवा आणि आलेला मजकूर पेन ड्राइव्हवर फाइलमध्ये ठेवा.

सगळ्यात जास्त होणारी चूक: अ‍ॅरे पार्टिशनवर (डिस्कच्या एका भागावर) बांधलेला असतो आणि माणूस पूर्ण डिस्क तपासतो. एसडीबी१ ऐवजी एसडीबी दिलं की फक्त पार्टिशन टेबलची ओळख छापून येते, आणि “सुपरब्लॉक गेला” असा समज होतो. आधी पार्टिशन आहे का बघा, असेल तर त्याचं नाव द्या.

मिळालेल्या मजकुरातून हे उतरवून घ्या:

- अ‍ॅरे यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक. चारही डिस्कवर तोच हवा.
- डिव्हाइस रोल. ०, १, २, ३. ही डिस्कची जागा.
- चंक साइझ (डेटाच्या एकेका तुकड्याचा आकार) आणि लेआउट (पॅरिटी फिरण्याची पद्धत). सहसा ५१२ केबी आणि लेफ्ट सिमेट्रिक.
- डेटा ऑफसेट. खरा डेटा डिस्कवर कुठून सुरू होतो.
- इव्हेंट्स आणि अपडेट टाइम.

इव्हेंट्सचा आकडा नीट समजून घ्या, निर्णय त्याच्यावर आहे. अ‍ॅरेच्या स्थितीत बदल झाला की हा आकडा वाढतो. चारही डिस्कवर सारखा असेल तर अडचण नाही. समजा तीन डिस्कवर ४८२१० आहे आणि चौथीवर ४८२०६, तर बोर्ड जाताना चौथी डिस्क क्षणभर आधी तुटली एवढाच अर्थ. पण चौथीवर ३१००० असेल आणि अपडेट टाइम सहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर ती डिस्क सहा महिन्यांपूर्वीच अ‍ॅरेबाहेर पडली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्यावरचा डेटा शिळा आहे. तिची केबल काढा आणि उरलेल्या तिघींवर काम करा.

एखाद्या डिस्कवर सुपरब्लॉक सापडतच नसेल तर त्यामागे नवा बोर्डही असू शकतो. १.२ आवृत्तीचा सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असतो. जीपीटी पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची यादी) सुरुवातीचे साधारण १७ केबी व्यापतं. पार्टिशन न करता अख्खी डिस्क अ‍ॅरेत घातली असेल आणि डिस्कच्या शेवटी जुन्या जीपीटीची राखीव प्रत पडून असेल, तर काही बोर्डांचं फर्मवेअर “पार्टिशन टेबल खराब झालं” समजून त्या प्रतीवरून ते सुरुवातीला पुन्हा लिहितं, थेट सुपरब्लॉकवर. असा बोर्ड असेल तर त्याच्यावर पुन्हा पुन्हा बूट करू नका. डिस्क दुसऱ्या मशीनला लावा.

## ६. बायोसमधला रेड किंवा वेगळं कार्ड असेल तर

इंटेलच्या बायोस रेडची माहिती डिस्कच्या शेवटी असते. नवा बोर्ड इंटेलचा असेल तर साटा रेड मोड, नव्या पिढीत व्हीएमडी, चालू केल्यावर अ‍ॅरे सहसा ओळखला जातो. एएमडीचा बोर्ड त्याला ओळखणार नाही. तेव्हा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून एमडीएडीएमने तो उघडता येतो. त्यासाठी आयएमएसएम, नो आणि प्लॅटफॉर्म हे तीन शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत अधोरेषेने जोडून त्या नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ किंमत द्या. बायोसच्या रेड मेनूत “क्रिएट व्हॉल्यूम” आणि “रीसेट टू नॉन-रेड” हे पर्याय दिसतील. दोन्हींना हात लावू नका.

मेगारेडसारखं कार्ड बदललं असेल तर नवं कार्ड “फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलं” असं सांगतं. फॉरेन म्हणजे दुसऱ्या कार्डाने लिहिलेलं, एवढंच. तिथे इम्पोर्ट निवडायचं. शेजारचं क्लिअर ती माहिती पुसतं. इम्पोर्ट करण्याआधी सगळ्या डिस्क दिसत आहेत याची खात्री करा.

झेडएफएस (स्वतःचाच रेड असलेली फाइल सिस्टम) असेल तर ‘झेडपूल इम्पोर्ट’, रीडओन्ली पर्यायासह. “पूल दुसऱ्या मशीनवर वापरात होता” अशी तक्रार आली तर सक्तीचा पर्याय जोडा. मशीनची ओळख बदलल्यामुळे ती येते.

## ७. वाचण्यापुरती जुळणी करा

आधी ‘प्रॉक’मधली ‘एमडीस्टॅट’ फाइल वाचा. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने स्वतःच अर्धवट जुळणी करून ठेवलेली असते. एमडी१२७ नावाचा, इनअ‍ॅक्टिव्ह, आणि सगळ्या डिस्कपुढे कंसात एस, म्हणजे स्पेअर, असं चित्र दिसेल. ते बघून धीर सोडू नका. डिस्क पूर्ण जमल्या नाहीत म्हणून तो थांबलाय. १२७ हा आकडा येतो कारण अ‍ॅरेच्या नावात जुन्या मशीनचं नाव आहे.

१. एमडीएडीएमला ‘स्टॉप’ पर्याय देऊन हा अर्धवट अ‍ॅरे थांबवा.
२. ‘असेंबल’ आणि ‘रीडओन्ली’ दोन्ही पर्याय देऊन चारही डिस्कची नावं लिहा. रीडओन्ली असताना रीबिल्ड सुरू होत नाही.
३. तीनच डिस्क असतील तर ‘रन’ हा पर्याय जोडा.
४. एमडीस्टॅट पुन्हा वाचा. चार यू दिसले तर पूर्ण जुळणी; तीन यू आणि एक अधोरेषा म्हणजे एक डिस्क कमी, पण डेटा पूर्ण.

इशारा: इथे अडलं की लोक ‘क्रिएट’ चालवतात, कारण जुनी सूचना बघून अ‍ॅरे बांधताना तीच कमांड दिलेली आठवते. क्रिएट नवा सुपरब्लॉक लिहितं आणि रेड ५ मध्ये शेवटची डिस्क नव्याने भरायला घेतं. क्रम चुकला असेल तर त्या डिस्कवर कचरा लिहिला जातो. शिवाय एमडीएडीएमच्या आवृत्तीप्रमाणे डेटा ऑफसेट बदलतो, जुन्यांत १ एमबी तर नव्यांत अनेकदा १२८ एमबी. क्रम बरोबर असूनही फाइल सिस्टम सापडत नाही ती यामुळे.

इव्हेंट्समध्ये थोडा फरक असल्याने जुळणी नाकारली गेली तर ‘फोर्स’ हा पर्याय आहे. तो सुपरब्लॉकमध्ये लिहितो, म्हणून थेट डिस्कवर वापरू नका. आधी ओव्हरले करा: ‘डीएमसेटअप’च्या स्नॅपशॉटने प्रत्येक डिस्कवर एक पडदा टाकता येतो. वाचन खऱ्या डिस्कवरून होतं, लिखाण वेगळ्या फाइलमध्ये जातं. प्रयोग फसला तर फाइल पुसा आणि पुन्हा सुरू करा. दोन किंवा अधिक डिस्कचे सुपरब्लॉक गेले असतील तर नाइलाजाने क्रिएट वापरावं लागतं, पण तेही या पडद्यावरच, ‘अझ्यूम क्लीन’ पर्यायासह, आणि चंक, लेआउट, ऑफसेट व क्रम जुन्या नोंदीतून घेऊन. नोंद नसेल आणि डेटा मोलाचा असेल तर हे काम व्यावसायिक रिकव्हरीवाल्याकडे द्या. त्याला तुम्ही आजवर काय काय केलं ते न लपवता सांगा.

## ८. माउंट आणि कॉपी

अ‍ॅरेवर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा लिनक्सचा थर) असेल तर ‘व्हीजीचेंज’ने तो जागा करा. एन्क्रिप्शन असेल तर आता पासफ्रेज द्या.

नुसतं रीडओन्ली माउंट, म्हणजे फक्त वाचण्यासाठी फाइल सिस्टम उघडणं, पुरत नाही. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टम तसं माउंट करतानाही आधी जर्नलमधले (बदलांच्या नोंदवहीतले) अर्धवट बदल डिस्कवर लिहू बघतात. म्हणून ईएक्सटी४ला ‘आरओ’सोबत ‘नोलोड’ आणि एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’ द्या. बोर्ड जाताना चालू असलेल्या एक-दोन फाइल अर्धवट दिसतील, बाकी जागेवर असेल.

तपासणी: फोल्डरची नावं दिसली म्हणजे झालं असं नाही. मोठ्या फाइल उघडा. ५० एमबीचा फोटो किंवा तासाभराचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालला पाहिजे. डिस्कचा क्रम चुकला असेल तर चंकपेक्षा लहान फाइल कधी कधी ठीक उघडतात आणि मोठ्या फाटतात.

कॉपीसाठी ‘आरसिंक’ वापरा, म्हणजे मध्येच थांबलं तर पुढून चालू होईल. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी: लग्नांचे मूळ फोटो, हिशेब, घरच्यांचे व्हिडिओ. डाउनलोड केलेलं शेवटी. गिगाबिट नेटवर्कवरून भरलेले १२ टीबी न्यायला तीसेक तास लागतात. त्या काळात मशीनजवळ पंखा ठेवा, डिस्क तापतात. वाचताना चुका येऊ लागल्या तर रेटत बसू नका; ती डिस्क ओळखा आणि चौथ्या टप्प्यातल्याप्रमाणे तिची प्रत काढा.

कॉपी संपली की आरसिंक चेकसम आणि ड्राय-रन पर्यायांसह पुन्हा चालवा. फरकाची यादी रिकामी आली पाहिजे.

## ९. आता अ‍ॅरे दुरुस्त करा

इथून पुढे लिहायला हरकत नाही.

फाइल सिस्टम तपासणी आधी बदल न करणाऱ्या पर्यायाने चालवा, अहवाल वाचा, मगच खरी दुरुस्ती. कमी पडलेली डिस्क ‘अ‍ॅड’ने घाला. त्याआधी स्मार्टसीटीएलमधून चुकीवर अडून राहण्याची मर्यादा ७ सेकंदांवर आणा. साध्या डेस्कटॉप डिस्क एका खराब सेक्टरवर मिनिटभर अडतात, लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून डिस्कला रीसेट करतो आणि रीबिल्डच्या मध्येच चांगली डिस्क बाहेर पडते. डिस्क ही सेटिंग मानत नसेल तर लिनक्सकडची मर्यादा १८० सेकंद करा.

मग मशीनची नेहमीची सिस्टम सुरू करा. एफस्टॅब या फाइलमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी) एमडी०सारखं नाव असेल तर बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल. तिथे फाइल सिस्टमचा यूयूआयडी आणि ‘नोफेल’ लिहा. ‘डिटेल स्कॅन’ची ओळ एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये टाका, जुनी ओळ काढा, आणि डेबियन-उबुंटूवर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टम) अपडेट करा. हे राहिलं की पुढच्या बूटला पुन्हा एमडी१२७ दिसतो.

शेवटी सिंक अ‍ॅक्शन फाइलमध्ये ‘चेक’ लिहून पूर्ण अ‍ॅरेची पॅरिटी तपासा आणि मिसमॅच काउंट शून्य आहे ना बघा. चारही डिस्कचा ताजा एक्झामिन मजकूर काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. अ‍ॅरेवर ठेवलेली त्याची प्रत गरजेच्या दिवशी उघडणार नाही.